तुंगा आणि मधलं कुरण

लोकांच्या दारात जाऊन त्यांना प्रश्न विचारणं हा तुंगाचा पोटापाण्याचा उद्योग. म्हैसूरच्या कृष्णमूर्तीपुरमात तिचं घर आमच्या घराला लागून, त्यामुळे हा उद्योग आम्ही पहिल्यापासून पाहत आलो. कॉलेज संपल्यावर तिनं एका साबणवाल्यासाठी बायकांना विचारलं, धुणं सकाळी धुता की संध्याकाळी. मग कुणा संस्थेसाठी विचारलं, मुलांना लस टोचली का. त्यानंतर संडास, मतदान, गुडघेदुखी. एक संपलं की दुसरं यायचं. लग्न राहूनच गेलं. घरात ती आणि तिचे वडील अनंतकृष्ण, हायस्कुलातले निवृत्त शिक्षक, दोन्ही कानांनी अधू. ती संध्याकाळी परत आली की ते ओरडून विचारत, "आज कुणाला काय विचारलंस?" ती ओरडून सांगे. त्यामुळे म्हैसुरातल्या लोकांच्या सवयी आमच्या गल्लीला बऱ्यापैकी ठाऊक झाल्या.

या कामाला लागणारा चेहरा तिच्याकडे होता. समोरचा म्हणाला, मी आयुष्यात खोटं बोललो नाही, तरी तो चेहरा हलायचा नाही. तोच पुढे म्हणाला, काल शेजाऱ्याची गंजी मीच पेटवली, तरी हलायचा नाही. लोक त्या चेहऱ्याशी बोलत सुटायचे.

पन्नाशी गाठता गाठता तिला गुरांचं काम मिळालं. प्रोफेसर शरदचंद्र नावाचे गृहस्थ म्हैसूरच्या आसपासच्या चराऊ जमिनींचा अभ्यास करत होते. गवत मोजायला त्यांच्याकडे अन्विता नावाची मुलगी होती. ती रानात फूटपट्टी घेऊन ओणवी होई आणि गवताच्या जाती ओळखे. पण जमीन राखायचं माणसं आपसात कसं ठरवतात, कोण कुणाचं ऐकतं, कोण ऐकत नाही, ही बाजू त्यांना हवी होती. त्यासाठी तुंगा. शिवाय ज्या गावात जायचं होतं तिथे मराठी बोलणाऱ्यांची घरं होती, आणि तुंगाला मराठी येई.

गावाचं नाव राऊतकावल. येलवालला बस सोडायची आणि आत चालायचं. कावल म्हणजे गुरांसाठी राखलेला माळ. जुन्या काळी घोडदळातल्या कुणाला तरी हा माळ मिळाला, असं तिथली मराठी घरं सांगतात. घोडे कधीच गेले. आता तिथे हळ्ळीकार जातीची गुरं आहेत, पांढुरकी, उंच, मागे झुकलेल्या लांब शिंगांची. सगळ्यांत मोठे दोन कळप दोन चुलतभावांचे होते, मानाजीराव आणि मालोजीराव. दोघं साठीच्या पुढचे. एकाचं घर माळाच्या या टोकाला, दुसऱ्याचं त्या टोकाला.

पहिल्या दिवशी तुंगानं मानाजीरावांना विचारलं, "राव, जमिनीबद्दलचे निर्णय तुमच्या घरात कोण घेतं?"

"मी," मानाजीराव म्हणाले. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "म्हणजे मीच की," ते जरा खाली आवाज घेऊन म्हणाले. तुंगानं 'स्वतः' असं लिहून घेतलं.

मालोजीरावांनीही "मी" असंच सांगितलं. तिथे भांडं आपटलं नाही, पण त्यांची बायको मंजू बाहेर येऊन त्यांच्याकडे बघून गेली.

दोन्ही भावांचा आपापला माळ होता आणि मध्ये वडिलार्जित सामाईक पट्टा. त्याला मधलं कुरण म्हणत. अन्वितानं सगळीकडचं गवत मोजलं तेव्हा दोघांच्या माळावर ते घोट्याएवढं भरलं आणि मधल्या कुरणात कमरेएवढं. तिथे अशा जाती होत्या की ती दोन दिवस आनंदात होती. शरदचंद्रांनाही बरं वाटलं. ते म्हणाले, पावसाळ्यात एक भाग बंद ठेवायची जुनी पद्धत इथे टिकलेली दिसते. ती कोण चालवतं, कसं ठरतं, ते तुंगाबाई बघतील.

तुंगानं बघितलं. पद्धत वगैरे काही नव्हती. दोघा भावांचं बोलणं बंद होतं, म्हणून कुणीच तिकडे गुरं घालत नव्हतं.

भांडणाला दहा-बारा वर्षं झाली होती. चुंचनकट्ट्याच्या गुरांच्या जत्रेत मानाजीरावांचा एक खोंड विकायला उभा होता. गिऱ्हाईक दावणीशी येऊन दात बघत होतं, तेवढ्यात मालोजीराव मागून म्हणाले, "डावं शिंग आत वळलंय बघा." गिऱ्हाईक गेलं. मानाजीरावांनी खोंड घरी आणला आणि त्या दिवसापासून भावाचं तोंड पाहिलं नाही.

"शिंग वळलं होतं का?" तुंगानं विचारलं. हा प्रश्न तिच्या यादीत नव्हता.

मानाजीराव गोठ्याकडे बघत म्हणाले, "वळलं होतं. वासरू होतं तवापास्नं मला दिसत होतं. पर हे लिहू नका. आणि तिकडं सांगू तर अजिबात नका."

तुंगानं लिहिलं नाही. शरदचंद्रांनी कामाच्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावून ठेवली होती. एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात न्यायचं नाही, चांगलं असलं तरी नाही, चांगलं असलं तर मुळीच नाही. तुंगा हा नियम साबणाच्या काळापासून पाळत होती.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ती मानाजीरावांकडून मालोजीरावांकडे निघाली. रस्त्यानं गेलं तर मोठा वळसा पडायचा, म्हणून ती सरळ मधल्या कुरणात शिरली. गवत उभं होतं. अर्ध्या वाटेवर तिला माणसांचं बोलणं ऐकू आलं आणि माणसं दिसेनात. आणखी चार पावलं गेल्यावर दोन बायका दिसल्या. गवत दाबून जागा केली होती, विळे बाजूला ठेवले होते आणि मध्ये एकच डबा उघडला होता. एक मानाजीरावांची बायको गौराबाई, दुसरी मंजू.

गौराबाई म्हणाली, "उभ्यानं दिसाल की लांबनं. बसा, अक्का, बसा."

तुंगा बसली. डब्यात अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याचं, उप्पीट होतं, तेही तिला मिळालं. मग कळलं ते असं. गौराबाई आणि मंजू सख्ख्या बहिणी. दोघी या गावात दिल्या, दोन चुलतभावांना. नवऱ्यांचं बोलणं बंद झालं तसं यांचं एकमेकींच्या घरी जाणं बंद झालं. पण ओला चारा कापायला दोघींना कुरणाच्या कडेला यावंच लागे. एकदा गवत वाढलं असताना त्या आत बसल्या आणि लक्षात आलं, बसल्यावर बाहेरून कुणाला दिसत नाही. तेव्हापासून बसतात. संक्रांतीनंतर गवत वाळलं की आपापल्या बाजूनं कापून गंजी रचतात. उन्हाळ्यात दोन्ही घरची गुरं त्यावर तगतात.

"पण नवरे इकडे गुरं का घालत नाहीत?" तुंगानं विचारलं. "दहा वर्षांत एकदाही मनात आलं नसेल?"

"येतंय की दर साली," मंजू म्हणाली. तिचा आवाज मुळातच मोठा होता. "आलं की मी सांगते, तुमच्या भावानं येलवालात सगळ्यांसमोर म्हटलं, मालोजीचा चारा संपला, आता येतंय बघा मधल्यात. मग हे म्हणतात, उपाशी मरतील गुरं, पर जाणार न्हाईत."

"आणि मी आमच्यांना तसंच सांगते," गौराबाई म्हणाली. "जरा येगळ्या शब्दांत."

"म्हणजे ते दोघं असं काही बोललेच नाहीत?"

"ते कशाला बोलतील? त्यांना सुचंल व्हय?" गौराबाईनं डब्याचं झाकण लावलं. "त्यांचं भांडण त्यांनी केलं, अक्का. आम्ही ते वाया जाऊ दिलं न्हाई, एवढंच."

तुंगानं त्यांना वचन दिलं की हे त्यांच्या नवऱ्यांना कळणार नाही. नावं न घेता तिनं शरदचंद्रांना सांगितलं की कुरण बायका राखतात. ते खूश झाले. खुर्चीतून उठून त्यांनी खिडकी उघडली, बंद केली आणि नियम पुन्हा एकदा बजावला.

नोव्हेंबरात एका बैलानं मालोजीरावांना दावणीशी चेपलं आणि त्यांचा पाय मोडला. तुंगा गेली तेव्हा ते पडवीत खाटेवर होते, पाय प्लास्टरमध्ये, तोंड भिंतीकडे. तिनं पाणवठ्याबद्दलचे प्रश्न काढले. दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी भिंतीला दिली. मग विचारलं, "त्याला कळलं का, माझा पाय मोडला ते?"

"मला सांगता येत नाही, राव."

"म्हणजे कळलंय. आला न्हाई. मी मेलो तरी यायचा न्हाई. त्या शिंगाचं मी बोललो, तेच धरून बसलाय. खोटं बोललो म्हणत असंल सगळीकडं."

तुंगानं आम्हाला नंतर सांगितलं की तिला त्या माणसाच्या पाठीची दया आली. चेहरा दिसत असता तर कदाचित आली नसती. आयुष्यभर तिनं लोकांची तोंडं बघून काम केलं होतं, पाठ बघून उत्तर घ्यायची सवय नव्हती. ती म्हणाली, "शिंग आत वळलं होतं, असं ते म्हणाले. वासरू असल्यापासून त्यांना दिसत होतं म्हणाले."

मालोजीराव सावकाश तिच्याकडे वळले. मग हसायला लागले. हसता हसता पाय हलला आणि ते ओरडले, ओरडून झाल्यावर पुन्हा हसले. मंजू धावत बाहेर आली. "काय झालं? काय सांगितलं ह्यांना?"

"काही नाही," तुंगा म्हणाली. तोपर्यंत मालोजीरावांनी पोरांपैकी कुणाला तरी पिटाळलं होतं, जा, त्याला सांग, वळलं होतं ना शेवटी?

मानाजीराव पायात चप्पल न घालता आले. दारात उभे राहिले आणि भावाच्या पायाकडे बघत म्हणाले, "कोण म्हणालं वळलं होतं?"

"तूच म्हणालास."

दोघांनी तुंगाकडे बघितलं. तुंगाचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण या वेळी त्याचा काही उपयोग नव्हता.

"ही बाई विश्वासाची न्हाई," मानाजीराव म्हणाले आणि खाटेवर भावाच्या पायथ्याशी बसले. "कुठल्या बैलानं चेपलं?"

"काळ्या कानाच्या."

"तो विक म्हणून मी कवाच सांगितलं असतं. बोलणं नव्हतं म्हणून सांगितलं न्हाई." मग आत बघून म्हणाले, "मंजू, काफी कर."

दहा-बारा वर्षांचं भांडण एका कॉफीत मिटलं. गावात सगळ्यांना आनंद झाला. तुंगाचा तर सत्कार तेवढा व्हायचा बाकी होता. गौराबाई आणि मंजू उघडपणे एकमेकींच्या घरी जाऊ लागल्या. मानाजीराव रोज सकाळी भावाच्या खाटेशी येऊन बसत ते दुपारी जेवूनच जात. पाय बरा झाल्यावर मालोजीराव काठी टेकत त्यांच्याकडे जाऊ लागले. संक्रांतीच्या दिवशी गुरांना हळद लावली, शिंगं रंगवली आणि दोन्ही भावांनी दोन्ही कळप एकत्र करून मधल्या कुरणात सोडले. लोक बघायला जमले होते. फार सुंदर दिसलं, असं तुंगाही म्हणते.

फेब्रुवारीत अन्विता मोजायला गेली. गवत बोटाच्या पेराएवढं होतं. तिनं पुन्हा पुन्हा जागा तपासली, चुकून दुसरीकडे आलो की काय म्हणून.

तुंगा त्याच दिवशी तिच्याबरोबर होती. गौराबाई तिला विहिरीपाशी भेटली. "तुम्ही चांगलंच केलं, अक्का," ती म्हणाली. "वाईट कसं म्हणू? भाऊ भाऊ बोलायला लागले. आता सांगा, आम्ही बसायचं कुठं?"

"घरी बसता ना आता? उघड?"

"घरी ते बसतात. ह्या घरी न्हाईतर त्या घरी. दिवसभर. आम्ही आत, मध्ये एक भिंत. मंजू काय बोलली की बाहेरनं आवाज येतो, काय म्हणालीस? आणि काफी. चार चार येळा काफी. गंजी पण न्हाई ह्या सालची. मेमध्ये गुरं काय खाणार ते त्या दोघांना इचारा. तुम्हाला इचारायची सवय हाय."

तुंगा म्हैसूरला परत आली आणि दुसऱ्या दिवशी शरदचंद्रांना तिनं सगळं सांगितलं, स्वतःचं सुद्धा. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मी बजावलं होतं."

"होय, सर."

"मुळीच नाही, म्हटलं होतं."

"होय, सर."

मग ते म्हणाले की राऊतकावलचं काम इथून पुढे दुसरं कुणी बघेल, आणि ते बरोबरच होतं. तुंगाला ऑफिसात बसवून इतर गावांची उत्तरं कॉम्प्युटरवर चढवायला दिली. मार्च आणि एप्रिल ती तेच करत होती. संध्याकाळी अनंतकृष्ण ओरडून विचारत, "आज कुणाला काय विचारलंस?" ती म्हणे, "कुणालाच नाही." त्यांना ऐकू येत नसे, म्हणून ते पुन्हा विचारत. ते दोन महिने आमच्या गल्लीला काही नवीन समजलं नाही. ती जेवत नसे नीट. एकदा आमच्या पायरीवर बसून म्हणाली, "चांगलं केलं म्हणून वाईट वाटतंय की वाईट केलं म्हणून, तेच गोत्तागत नाही बघा." असं मध्येच कन्नड यायला लागलं की ती फार दमलेली आहे, हे आम्हाला कळे.

मेमध्ये राऊतकावलचा चारा संपला. दोघा भावांनी पेंढा बाहेरून आणला आणि प्रत्येकानं दुसऱ्याला सांगितलं की असं साल कधीतरी येतंच. मानाजीरावांच्या दोन गाई आटल्या. एका रविवारी तुंगा स्वतःच्या खर्चानं, कागद-पेन न घेता येलवालची बस पकडून गेली. कामावर नसताना कुणाच्या दारात जायची तिची ती पहिलीच वेळ. दोघी बहिणी मंजूच्या घरामागे पेंढा सोडत होत्या.

"मी सांगू का दोघांना?" तुंगानं विचारलं. "बिघडवलं मी. वचन होतं म्हणून गप्प आहे. तुम्ही हो म्हणालात तर सांगते."

"तुम्ही आता कुणाला काही सांगू नका," गौराबाई म्हणाली. "जेवायला थांबा. आम्हीच सांगतो."

दोघं भाऊ पडवीत पाटावर बसले होते, तुंगा त्यांच्या समोर. रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीचे उंडे, पानात पडले. सार वाढता वाढता गौराबाई म्हणाली, "ह्या पावसाळ्यात मधलं कुरण आम्हाला पाहिजे. गुरं घालायची न्हाईत."

"कशाला?" मानाजीरावांनी विचारलं.

"बसायला," मंजू म्हणाली.

भाऊ हसले. "बसायला घर हाय की."

"घरात तुम्ही बसता."

मालोजीरावांनी घास खाली ठेवला. "आणि गुरं कुठं न्यायची?"

"इतकी सालं कुठं न्हेत होता? उन्हाळ्यात गंजी कुठनं येत होती, कधी इचारलंत?"

"इतकी सालं भांडण होतं," मानाजीराव म्हणाले. "हा येलवालात मला नको नको ते बोलायचा, म्हणून मी तिकडं..."

"मी कवा बोललो?" मालोजीराव म्हणाले. "तूच बोलायचास."

दोघांनी आपापल्या बायकोकडे बघितलं. गौराबाईनं सार वाढणं थांबवलं नाही. "आम्ही सांगत होतो," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी काही बोललं न्हाई."

मानाजीराव म्हणाले, "'तुटक्या दावणीचा राजा,' हे पण त्यानं म्हटलं न्हाई?"

"न्हाई. ते माझं."

"त्या एका बोलण्यासाठी मी ह्याच्या पोराच्या लग्नाला गेलो न्हाई."

"मला सुचलं असतं तर मी म्हटलं असतं," मालोजीराव म्हणाले. त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसत होतं. "चांगलं हाय."

मानाजीराव पान अर्धं टाकून उठले आणि गोठ्याकडे निघून गेले. गौराबाई मागे गेली नाही. तासाभरानं ते परत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सगळं जमणार न्हाई. ओढ्याकडचं अर्धं घ्या. ह्या बाजूचं गुरांना लागतंय." मंजू सगळ्यासाठी भांडायला निघाली होती, गौराबाईनं तिच्या हाताला धरलं.

जूनमध्ये दोघा भावांनी अर्ध्या कुरणाला काटेरी झुडपांचं कुंपण घातलं. ते नीट घातलं नाही, त्यामुळे गुरं दोनदा आत गेली, आणि एकदा तर मानाजीरावांनी बघून न बघितल्यासारखं केलं, असा मंजूचा संशय आहे. ऑक्टोबरपर्यंत गवत गुडघ्याच्या वर आलं, कमरेपर्यंत काही आलं नाही. अन्विताला ज्या जाती आधी सापडल्या होत्या त्यांतल्या काही दिसल्या नाहीत. पुढच्या साली येतील, नाहीतर येणार नाहीत, असं ती म्हणाली. शरदचंद्रांचा अहवाल छापून आला. त्यात राऊतकावलवर एक प्रकरण आहे. अभ्यास करणाऱ्या माणसामुळेच जागेवरची स्थिती कशी बदलते हे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तुंगानं ते वाचलं आणि म्हणाली, "खरं आहे तेच लिहिलंय."

तिला आता बेळगोळला काम आहे. कारखान्यातल्या लोकांना ती कॅन्टीनच्या जेवणाबद्दल विचारते. गवताशी त्याचा काही संबंध नाही. पण महिन्यातून एखादा रविवार ती येलवालला जाते. परवा तिच्याबरोबर मीही गेले होते. कुंपणाची फट ओलांडून आम्ही आत गेलो, गौराबाईनं गवत दाबून जागा केली. आता लपायचं कारण नाही, तरी दोघी सवयीनं डोकं खाली घालूनच बसतात. डबा उघडला, खाणं झालं. मंजूनं तिच्या सुनेची एक लांबलचक गोष्ट सुरू केली. तुंगा ऐकता ऐकता आडवी झाली आणि झोपून गेली, तोंड थोडं उघडं. तिचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. गौराबाईनं टॉवेल तिच्या डोळ्यांवर टाकला आणि मंजूला खुणेनं सांगितलं, हळू बोल. मंजूनं आपल्या परीनं आवाज खाली आणला. ओढ्यापलीकडे एका गाईनं मान वर करून आमच्याकडे बघितलं.